दात शिवशिवणे, हिरड्या उतरणे आणि आपल्याकडच्या सवयी

कोरेगावकर (धागालेखक)

गार पाण्याचा घोट घेतला, आवळ्याची फोड चावली किंवा पहाटेच्या बोचऱ्या हवेत तोंड उघडून दोन शब्द बोलले, की दातातून सणकन कळ जाते आणि लगेच थांबते, ही तक्रार आपल्या सातारा-सांगली भागात घरोघरी ऐकू येते. तिच्यावरचा उपायही ठरलेलाच असतो. दुकानात जाऊन ‘दात शिवशिवतात, त्याची पेस्ट द्या’ असे सांगायचे आणि ती नळी संपेपर्यंत वापरायची. आमच्या घरात सध्या अशी एकच पेस्ट तिघेजण वापरत आहेत आणि तिघांचे अनुभव इतके निराळे आहेत, की हा विषय येथे सविस्तर मांडावा असे वाटले.

आईचे वय सत्तरीच्या पुढे आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती सकाळ-संध्याकाळ मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, हिरड्यांना लावते. तिच्या खालच्या पुढच्या दातांची मुळे आता बरीचशी उघडी दिसतात, त्यामुळे दात लांब झाल्यासारखे वाटतात, आणि पेस्टचा तिला काहीही उपयोग झालेला नाही. पत्नीला मधुमेह आहे. तिच्या हिरड्या लालसर आणि फुगलेल्या असतात व ब्रश लागताच रक्त येते, म्हणून त्या जागी ब्रश फिरवणेच ती टाळते. पुतण्या साताऱ्यात कॉलेजात शिकतो. त्याचे दात स्वच्छ आहेत, हिरड्यांतून रक्त येत नाही, तरीही डाव्या बाजूचा सुळा आणि त्याच्या मागच्या दोन लहान दाढा त्याला फार त्रास देतात. त्याला मात्र या पेस्टने थोडा आराम पडला आहे.

कळ सारखीच असेल, तर औषध एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला का पडत नाही? ‘दात मशीनने साफ करून घेतले की ते हलायला लागतात’ असे आमच्याकडे ठामपणे सांगितले जाते, त्यात तथ्य किती? आणि इतक्या वर्षांची मिश्री या वयात सोडवावी का, सोडवली तर त्रास वाढेल का? ज्यांना या विषयातले समजते त्यांनी कृपया विस्ताराने लिहावे.

मिरजेचा_दंतवैद्य

कोरेगावकर, तुम्ही एकाच घरातील तीन उदाहरणे दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. तिघांना येणारी कळ सारखी असली, तरी दाताचा आतला भाग उघडा पडण्याची कारणे तीन वेगवेगळी आहेत. पेस्ट कळेवर काम करते, कारणावर करत नाही, आणि सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर इनॅमलचे कवच असते. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून त्यात मज्जातंतू नसतात, म्हणून तो शाबूत असेपर्यंत गार-गरम फारसे जाणवत नाही. त्याच्या आत डेंटिनचा थर असतो. उसाचे कांडे आडवे कापल्यावर त्याच्या कापावर जशी बारीक छिद्रे दिसतात, तशाच पण केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या हजारो नलिका या थरातून आतल्या गराकडे, म्हणजे दाताच्या मधल्या मऊ भागाकडे, जातात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. गार पाणी, वारा, गोड पदार्थ किंवा ब्रशचा स्पर्श यांपैकी काहीही उघड्या डेंटिनवर पडले, की तो द्रव हलतो आणि आतल्या टोकाला असलेले मज्जातंतू चेतवले जातात. स्वीडनचे दंतवैद्य मार्टिन ब्रॅनस्ट्रोम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी या स्पष्टीकरणाचा पाया पक्का केला आणि आजही तेच सर्वाधिक मान्य आहे.

आता महत्त्वाचा भाग असा की मुळावर इनॅमल नसतेच. तेथे सिमेंटमचा अत्यंत पातळ थर असतो आणि त्याचे खरे संरक्षण हिरडी करत असते. हिरडी खाली उतरली की हा पातळ थर थोड्याच काळात झिजतो आणि डेंटिन उघडे पडते. म्हणून माझ्याकडे कोणी ‘दात शिवशिवतात’ म्हणून आले, की मी आधी दाताकडे न पाहता हिरडीच्या कडेकडे पाहतो.

तुमच्या पुतण्याला आरशासमोर उभे करून त्या सुळ्याच्या बाहेरच्या बाजूने, हिरडीलगत, हलकेच नख फिरवायला सांगा. बहुधा नख एका खाचेत अडकेल. उजव्या हाताने ब्रश धरणारी माणसे डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि उपदाढांवर जास्त जोर देतात, आणि तो जोर करवत चालवावी तसा आडवा दिला गेला, की त्या ठिकाणी हिरडी मागे सरते व दाताच्या मानेवर पाचरीच्या आकाराची खाच पडते. त्याच्या हिरड्या निरोगी आहेत, त्याचे दात स्वच्छ आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट सांगते की तो गरजेपेक्षा जास्त घासतो आहे. त्याला पेस्टने आराम पडला, परंतु घासण्याची पद्धत बदलली नाही तर खाच खोल होत जाईल आणि पुढे ती भरावी लागेल.

तुमच्या पत्नीची गोष्ट अगदी उलट आहे. रक्त येते म्हणून ब्रश टाळायचा, ब्रश टाळल्यामुळे किटण साचते, किटणातील जंतूंमुळे सूज वाढते आणि सूज वाढली की रक्त आणखी येते, असे हे चक्र चालू राहते. सूज केवळ हिरडीत असेल, तर नीट सफाईने ती पूर्ण बरी होते. ती खाली हाडापर्यंत पोहोचली, तर झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही, फक्त पुढची झीज थांबवता येते. या अवस्थेलाच आपल्याकडे पायोरिया म्हणतात. तेथे शिवशिवणाऱ्या दातांची पेस्ट लावत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आईंविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण मिश्रीचा विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

माणदेशी

डॉक्टर, मिश्रीविषयी लिहिण्यापूर्वी आमच्या बाजूची थोडी माहिती आपल्यासमोर असावी म्हणून लिहितो. माण-खटावकडे जुन्या बायकांसाठी मिश्री हे व्यसन नसून दात घासण्याचे साधन आहे. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजायचे, त्याची पूड करून डबीत भरायची आणि न्याहारीच्या आधी बोटाने हिरड्यांवर फिरवत बसायचे, हे सासूकडून सुनेकडे आले आहे. ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’, ‘मिश्री सोडली की डोके धरते आणि दात ठणकतात’ ही वाक्ये मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पुरुष तंबाखू मळताना दिसतात, म्हणून त्यांना कोणीतरी बोलते. मिश्री लावणाऱ्या बाईला कोणी काही बोलत नाही, कारण ती ‘दात घासते आहे’ असेच सगळ्यांना वाटते. तिला रागावून उपयोग नाही. तिला समजेल अशा भाषेत काय सांगावे, ते कृपया लिहा.

मिरजेचा_दंतवैद्य

माणदेशी, आपण फार नेमके लिहिले आहे आणि मी त्याच धाग्याला धरून पुढे जातो. भारत सरकारने १९९२ साली तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि दंतमंजने यांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. म्हणजे तंबाखूने दात घासू नयेत, ही गोष्ट कायद्याने मान्य होऊन तीन दशके उलटली. तरीही मिश्री घराघरांत टिकून आहे, कारण ती घरच्या तव्यावर तयार होते किंवा तंबाखू म्हणूनच विकली जाते.

मिश्री हिरडीचे तीन प्रकारे नुकसान करते. भाजलेल्या पानाची पूड खरखरीत असते आणि बोट रोज एकाच जागी फिरत असल्यामुळे हिरडी व मूळ दोन्ही घासली जातात. दुसरे म्हणजे निकोटीनमुळे हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि तिला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. त्यामुळे आत हाड झिजत असतानाही बाहेर रक्त येत नाही. आजीबाई अभिमानाने म्हणतात, ‘माझ्या हिरडीतून आजवर थेंबभर रक्त आले नाही’, आणि तपासले तर दात बोटाने हलत असतो. तिसरे आणि सर्वांत गंभीर म्हणजे धूरविरहित तंबाखू हा कर्करोग निर्माण करणारा पदार्थ असल्याचे निर्विवादपणे सिद्ध झालेले आहे. मिश्री जेथे ठेवली जाते, तेथील हिरडीवर आणि गालाच्या आतल्या बाजूवर पांढरा किंवा लाल चट्टा उठू शकतो. तो दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही.

सत्तरीत सोडून काय उपयोग, असा प्रश्न कोरेगावकरांच्या मनात असावा. उपयोग निश्चित आहे. उतरलेली हिरडी परत वर येणार नाही, परंतु पुढची झीज मंदावते, सफाईचा आणि औषधांचा गुण येऊ लागतो आणि कर्करोगाचा धोका सोडल्यापासूनच्या काळाबरोबर कमी होत जातो. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि झोप न लागणे हा त्रास होतो. तो निकोटीन कमी झाल्यामुळे होतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. कोणाकोणाच्या हिरड्यांतून या काळात आधीपेक्षा जास्त रक्त येते. ते पाहून ‘सोडल्यामुळेच बिघडले’ असा समज करून घेऊ नये, कारण आधीपासून असलेली सूज आता दिसू लागलेली असते.

बाईला काय सांगावे? ‘वाईट आहे, सोड’ असे सांगून मी आजवर कोणाची मिश्री सुटलेली पाहिली नाही. सकाळच्या वेळी हाताला आणि तोंडाला दुसरे काम द्यावे लागते. उठल्यावर कोमट पाणी, मग बोटानेच लावायची असेल तर साधी फ्लोराइडची पेस्ट, आणि पोट साफ होण्यासाठी मनुका किंवा इसबगोल, असा बदल ज्या घरांत सुनेने किंवा लेकीने बरोबर बसून केला, तेथे सवय सुटलेली दिसते. संध्याकाळची वेळ आधी बंद करावी, सकाळची नंतर. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे आणि जिल्हा रुग्णालयांतही समुपदेशन मिळते.

औषधविक्रेता_कराड

पेस्टविषयी थोडे लिहितो, कारण दिवसभर हाच प्रश्न माझ्या काउंटरवर येतो. जाहिरात न पाहता डब्यावरचे घटक वाचावेत. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मज्जातंतूंची उत्तेजना कमी करते. तिचे प्रमाण सहसा ५ टक्के असते. स्ट्रॉन्शियमचे क्षार, आर्जिनिन, स्टॅनस फ्लोराइड किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असलेल्या पेस्ट त्या नलिकांची तोंडे बुजवतात. दोन्ही प्रकार उपयोगी आहेत. पहिल्या प्रकाराला गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि तोही रोज दोन वेळा लावली तर. बहुतेक गिऱ्हाईक आठवडाभर वापरून ‘काही फरक नाही’ म्हणून दुसरी नळी मागते, मग तिसरी, आणि एकही पेस्ट पुरेसा काळ वापरली जात नाही.

लावण्याची एक पद्धत मी सर्वांना सांगतो. रात्री ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा आणि लगेच खळखळून चूळ भरू नये. मग वाटाण्याएवढी पेस्ट बोटावर घेऊन नेमक्या दुखऱ्या जागी हिरडीलगत हलकेच लावून ठेवावी. चूळ भरून औषध धुऊन टाकले, तर पेस्ट कितीही महाग असली तरी तिचा उपयोग कमीच होणार. बारा वर्षांखालील मुलांना ही पेस्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मुलाचे दात शिवशिवत असतील तर बहुधा कीड असते आणि ती दाखवायलाच हवी.

राखुंडी, कोळशाची पूड, विटेची भुकटी, जाडे मीठ आणि गेरू घातलेली लाल मंजने या सर्व वस्तू दात पांढरे करतात त्या घासून. अलीकडे काळ्या कोळशाच्या पेस्ट नव्या वेष्टनात येतात. उघड्या मुळांवर त्याही नकोत. लवंग तेल कीड लागून ठणकणाऱ्या दाढेला तात्पुरते बधिर करते, पण शिवशिवण्यावर त्याचा उपयोग नाही, आणि नुसते तेल हिरडीला लागले तर ती भाजते. दुखऱ्या दाढेशेजारी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारेही अजून भेटतात. त्याने हिरडीची त्वचा पांढरी पडून सोलून निघते. गोळी पोटात जाऊनच काम करते.

तासगावची_बाग

आमच्याकडे जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम असतो. बागेत काम करणारी माणसे दिवसभर येता-जाता मणी तोंडात टाकत असतात आणि हंगाम संपेपर्यंत निम्म्या लोकांचे दात आंबलेले असतात. घरी आल्यावर लगेच ब्रश करावा म्हणजे आंबटपणा निघून जाईल, असे आम्ही समजतो. हे बरोबर आहे का? आणि बेदाण्याचे काय? तो आंबट नसतो.

मिरजेचा_दंतवैद्य

लगेच ब्रश करणे टाळावे. तोंडातील पीएच (आंबटपणा मोजण्याचा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात आणि मुळाचा भाग तर त्याहून सौम्य आम्लातच मऊ पडतो. द्राक्षांचा पीएच साधारण ३ ते ४ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते ३. अशा मऊ झालेल्या पृष्ठभागावर ब्रश चालवला तर तो थर घासून जातो. द्राक्षे खाऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास, शक्य असल्यास तासभर ब्रश करू नये. लाळ तेवढ्या वेळात बरेचसे काम करते.

एकाच वेळी वाटीभर द्राक्षे खाल्ली तर नुकसान कमी होते. दिवसभर एक-एक मणी खाल्ला तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. सकाळी अनशेपोटी लिंबू-पाणी घोट-घोट पिण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तिचाही हाच दोष आहे. ताकाविषयी अनेकजण विचारतात. ताक आंबट असले तरी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असल्यामुळे ते दातांना सहसा अपाय करत नाही, तेव्हा जेवणातले ताक खुशाल चालू ठेवावे. शीतपेयांत मात्र आम्ल आणि साखर दोन्ही असते.

बेदाणा आंबट नसतो हे खरे, परंतु तो दाढांच्या खाचांत चिकटून बसतो आणि त्यातील साखरेवर जंतू आम्ल तयार करतात. हिरडी उतरलेल्या माणसाच्या मुळांवर कीड फार लवकर पसरते. बेदाणे जेवणाबरोबर खावेत आणि वर पाणी प्यावे.

आणखी एक गोष्ट. ज्यांना आम्लपित्ताचा जुना त्रास आहे आणि घशाशी आंबट येते, त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजलेली आढळते. ती स्वतःला आरशात दिसत नाही. तेथे उपचार पोटापासून सुरू करावा लागतो.

विट्याची_सुनंदा

दात मशीनने साफ केल्यावर हलतात का, या कोरेगावकरांच्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही. माझ्या सासूबाईंचे दात साफ केल्यानंतर खरोखरच हलू लागले आणि आधी नव्हता इतका गार पाण्याचा त्रास सुरू झाला. ज्या दवाखान्यात हे केले, तेथे आधी कोणी काही समजावून सांगितले नव्हते. त्यामुळे आमच्या गल्लीत आता कोणीही सफाईला जायला तयार नाही.

मिरजेचा_दंतवैद्य

सुनंदाताई, तुमच्या सासूबाईंना आधी समजावून सांगायला हवे होते, हे मला पूर्ण मान्य आहे. पाच मिनिटांच्या बोलण्याने जी भीती टळली असती, ती आता गल्लीभर पसरली आहे आणि तिचे नुकसान अनेकांना सोसावे लागेल.

घडते ते असे. वर्षानुवर्षे साचलेले किटण दगडासारखे कडक होऊन दातांच्या मुळांभोवती आणि दोन दातांच्या फटींत बसते. त्याच्या खाली हाड झिजत असते, पण किटणाच्या थराने दात एकमेकांना जखडलेले राहतात, म्हणून ते घट्ट भासतात. सफाईत तो थर निघतो आणि दात मुळातच किती सैल झाला होता ते उघड होते. अल्ट्रासोनिक यंत्राचे टोक कंपनांनी किटण फोडते. योग्य प्रकारे वापरले तर त्याने निरोगी दात सैल होत नाही. सफाईनंतर गार लागते, याची कारणे दोन. किटणाने झाकलेले मूळ उघडे पडते, आणि सुजलेली हिरडी सूज उतरल्यावर आकसून थोडी खाली बसते. हा त्रास बहुतेकांना काही दिवस ते दोन-तीन आठवडे होतो. त्या काळात शिवशिवणाऱ्या दातांची पेस्ट खरोखर उपयोगी पडते, आणि गरज वाटल्यास दंतवैद्य फ्लोराइडचे वार्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा लेप, लावून देतात.

क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश दिले असेल तर ते सांगितलेल्या मुदतीपुरतेच, सहसा दोन आठवडे वापरावे. जास्त वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. पेस्ट आणि हे माउथवॉश यांच्यात निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, नाहीतर पेस्टमधील फेसाच्या घटकामुळे त्याचा गुण कमी होतो.

कोरेगावकर, तुमच्या पत्नीने सफाईला जाताना मधुमेहाचे ताजे अहवाल बरोबर न्यावेत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. त्या परस्पर बंद करू नयेत. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. साखर जास्त राहिली की हिरडी बरी होत नाही, आणि हिरडीतील जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. त्याचप्रमाणे रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल, तर काही रुग्णांच्या हिरड्या वाढतात. असे दिसल्यास गोळी स्वतः न थांबवता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.

शुभांगी_वाई

मला पाचवा महिना चालू आहे आणि हिरड्यांतून इतके रक्त येते की उशीवर डाग दिसतात. घरातील मोठी माणसे म्हणतात की या दिवसांत दातांना हात लावायचा नाही. उलट्याही अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत.

मिरजेचा_दंतवैद्य

शुभांगीताई, गरोदरपणातील संप्रेरकांमुळे थोड्याशा किटणावरही हिरडी जोरात सुजते, हे खरे आहे, पण त्यासाठी सफाई थांबवायची नसते. चौथा ते सहावा महिना हा दातांच्या उपचारांसाठी सर्वांत सोयीचा काळ मानला जातो, तेव्हा तुम्ही आताच जावे आणि गरोदर असल्याचे आधी सांगावे. उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी. उशीवर डाग पडण्याइतके रक्त येत असेल, तर तुमच्या प्रसूतितज्ज्ञांनाही सांगा, म्हणजे हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट पाहता येतील.

कोरेगावकर (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. येथील चर्चा वाचून आम्ही तिघांनाही घेऊन कराडच्या दंत महाविद्यालयात गेलो. अशा ठिकाणी निरनिराळे विभाग एका छताखाली असतात आणि शुल्क खासगी दवाखान्यांच्या मानाने परवडते, म्हणून येथे नोंदवतो. सांगलीत भारती विद्यापीठाचे आणि कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे, त्यांचाही उपयोग होऊ शकेल.

पुतण्याच्या बाबतीत डॉक्टरांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. डाव्या बाजूच्या तीन दातांना खाचा आहेत. एक खोल असल्याने ती भरली, बाकीच्यांना वार्निश लावले. त्याला मऊ ब्रश देऊन तेथेच घासून दाखवायला लावले. ब्रश मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरायचा, केस हिरडीकडे तिरपे, साधारण ४५ अंशांत टेकवायचे, जागच्या जागी हलकेच थरथरवायचे आणि मग दाताच्या टोकाकडे फिरवायचे, असे त्याला शिकवले. मुठीत ब्रश धरला की आपोआप जोर येतो, हे त्याने स्वतः करून पाहिल्यावर त्याला पटले.

पत्नीची पहिली सफाई झाली. दोन दाढांभोवती हाड झिजलेले आहे, म्हणून हिरडीखालची खोल सफाई पुढच्या खेपेला करायची आहे. गार थोडे लागते, पण तसे होणार हे आधीच माहीत असल्यामुळे ती घाबरली नाही.

आईच्या खालच्या ओठाच्या आत, जेथे ती मिश्री ठेवते, तेथे पांढरट चट्टा निघाला. तुकडा काढून तपासला. कर्करोग नाही, पण मिश्री बंद करून पुन्हा दाखवायला सांगितले आहे. तिने संध्याकाळची बंद केली आहे. सकाळची अजून चालू आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की घरच्या घरी आम्ही कशावर लक्ष ठेवावे आणि कोणत्या लक्षणासाठी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता निघावे?

मिरजेचा_दंतवैद्य

आधी आईंना माझा नमस्कार सांगा. या वयात संध्याकाळची सोडली, ही मोठी गोष्ट आहे. पांढरा चट्टा तंबाखू पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांत फिका पडू शकतो, म्हणून सकाळचीही आता लवकर सुटेल असे पाहा.

आठवड्यातून एकदा उजेडात बसवून, स्वच्छ हाताने ओठ बाहेर ओढून ती जागा पाहावी. मोबाइलने फोटो काढून ठेवला तर तुलना करता येते. चट्टा जाड झाला, त्यात लाल भाग दिसू लागला, कडा कडक लागली, जखम झाली आणि ती दोन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले किंवा गळ्यात गाठ लागली, तर तारखेची वाट पाहू नये. आईंच्या बाबतीत दुखते की नाही यावर अजिबात विसंबू नका.

दातांच्या कळेविषयी तिघांनाही एकच खूण सांगतो. गार लागून येणारी आणि गार दूर होताच थांबणारी कळ उघड्या डेंटिनची असते, तिला पेस्ट आणि वार्निश पुरते. कळ अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळली, गरम चहाने वाढली, रात्री झोपेतून उठवू लागली, तर आतल्या गराला सूज आलेली असते आणि बहुधा रूट कॅनाल लागते. चावताना, विशेषतः दाब सोडताना चमक आली तर दात तडकल्याची शंका घ्यावी; आपल्याकडे दाताने ऊस सोलणाऱ्यांत आणि सुपारी फोडणाऱ्यांत हे दिसते. गालावर सूज आणि ताप आला तर त्याच दिवशी जावे.

पत्नींना खोल सफाईनंतर सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दाखवावे लागेल. पुतण्याला सहा महिन्यांनी दाखवले तरी चालेल, आणि ब्रशचे केस बाहेर वळलेले दिसले तर तीन महिन्यांची वाट न पाहता तो बदलावा. ते वळले आहेत याचाच अर्थ जोर अजून जास्त पडतो आहे. आईंचे काही दात हलत असतील तर घाईने काढून घेऊ नका. तंबाखू थांबून हिरडीची सूज उतरली की ते बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधून अनेकदा काही वर्षे कामात ठेवता येतात. त्याबद्दल कराडला पुढच्या खेपेस हिरड्यांच्या विभागात विचारा आणि ते काय म्हणतात ते येथे लिहा.